डोंगरातली माणसं

राठोड सरांनी काढलेला एकच फोटो माझ्याकडे आहे आणि तो बिघडलेला आहे. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, वाऱ्याने खाल्लेला एक उघडा डोंगर, आणि त्या डोंगराच्या पोटात दगडाच्या आरपार दिसणारी एक नवरी. तिच्या ओढणीवरचे आरसे चमकतात, पण पाय कुठे आहेत ते कळत नाही. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय आहे? मी सांगते, आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांची चूक आहे. एवढ्यावर सहसा भागतं.

मागच्या महिन्यात सरांचा मुलगा बाजारात भेटला. सर गेल्याला वर्ष होऊन गेलं, असं तो म्हणाला. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं माझं त्यांचं काही नातंही नव्हतं. तरी मला वाईट वाटलं आणि रागही आला. कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

मी साखऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली वेगळा व्हायचा होता. पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं, की ड्रॉइंगचा तास सुरू आहे आणि वर्ग रिकामा आहे. पोरं गावाबाहेर ओढ्याच्या दरडीसमोर मांडी घालून बसली होती. ओढ्याने कापून काढलेली ती दरड पुरुषभर उंच. वर काळी माती, खाली मुरूम, मध्ये एक विटकरी लाल थर. सर त्यांच्या मागे उन्हात उभे होते, उंच, किडकिडीत, डोळ्यांवर हाताची सावली धरून.

"रंग किती हायेत ते मोजा. काळा, लाल, पिवळा असं तोंडपाठ सांगू नका. बघून सांगा."

पोरांनी आधी तीन सांगितले. मग पाच. तास संपायला आला तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, अकरा. सर तिच्याजवळ गेले, वाकून तिच्या उंचीवरून दरडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला नऊच दिसले व्हते." अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यांनी तिला शाबासकी दिली. मास्तर लोक आपल्याला कमी दिसलं असं विद्यार्थ्यांसमोर कबूल करत नाहीत. मी तरी केलेलं नाही.

सर तांड्यावरचे, बंजारा. नाव थावरा. शनिवारी जन्मले म्हणून थावरा, हे त्यांनीच सांगितलं. नोकरी ड्रॉइंगची, पण सुट्टीच्या दिवशी ते लग्नांचे फोटो काढत. कॅमेरा त्यांच्या आईने शिवलेल्या पिशवीत असायचा. पिशवीवर कशिदा, कडेने कवड्या. ती खांद्याला लावून सर लुनावरून निघाले, की पोरं म्हणायची, सर नवरीपेक्षा नटून चालले.

फोटोच्या बाबतीत त्यांचा एक हट्ट होता. जे आहे ते. मागे पडदा लावायचा नाही, वरून रंग भरायचे नाहीत. एकदा आमच्या हेडमास्तरांना कुठल्याशा अर्जासाठी फोटो हवा होता. फोटो आला तो पांढऱ्या केसांचा. हेडमास्तर म्हणाले, "राठोड, जरा काळे करून द्या की."

"फोटोत रंग मी भरत न्हाई, सर. तुमी डोक्यावर भरून या, मंग परत काढतो."

स्टाफरूममध्ये कुणी हसलं नाही, कारण हेडमास्तर समोर होते. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच केस काळे करून आले आणि सरांनी निमूटपणे दुसरा फोटो काढला. दिसलं ते काढलं.

आणखी एक खोड म्हणजे वेळ. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी ते नुसते बघत उभे राहायचे. लग्नात नवरा-नवरी घामाने निथळतायत, वऱ्हाड उपाशी आहे, आणि हे बघतायत. कुणी ओरडलं, की शांतपणे म्हणायचे, "घाई काहून? आधी दिसू द्या."

रोल वाचवायची तर त्यांची कीर्ती होती. छत्तीस फोटोंचा रोल, लग्न विसात उरकलं तर उरलेले सोळा वाया का घालवायचे? ते रोल उलटा गुंडाळायचे, पण पूर्ण नाही. शेवटी फिल्मची जीभ, म्हणजे तिचं पुढचं टोक, तेवढी बाहेर ठेवायचे आणि नळकांड्यावर चिठ्ठी चिकटवायचे, "२० झाले." पुढच्या लग्नात तोच रोल घालून वीस खटके भिंगावर झाकण लावून वाया मारायचे, आणि एकविसाव्यापासून पुढे काम सुरू. पूर्ण झालेल्या रोलची जीभ मात्र आत ओढून टाकायची. जीभ बाहेर म्हणजे रोलमध्ये अजून जागा आहे, जीभ आत म्हणजे संपला. इतका सोपा नियम होता. तो सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

त्यांच्या आईला सगळा तांडा याडीच म्हणे. याडी म्हणजे आई. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दारात बसून सुनेला रागवत होती. सून फेटियाला, म्हणजे त्यांच्या घागऱ्याला, पट्ट्या लावत होती आणि तिने पांढरी पट्टी पिवळ्याच्या खाली घेतली होती. याडीने सगळी शिवण उसवायला लावली.

"खाली लाल," ती मला बोटांनी दाखवत म्हणाली. माझ्यासाठी ती मराठीत बोलायची. "त्याच्यावर पिवळा. मंग बोटभर पांढरा. मंग कथ्थी. आमच्या मुलकातला डोंगर असाच हाय."

मुलूख म्हणजे मारवाड. बैलांवर मीठ आणि धान्य लादून त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडून निघाले, ते पिढ्या-पिढ्या फिरत इथे येऊन थांबले. याडीने तो डोंगर पाहिला नव्हता, तिच्या आजीनेही नाही. पण पट्ट्यांचा क्रम आईकडून मुलीकडे येत राहिला होता.

मी विज्ञानाची. परतताना सरांना म्हटलं, "लोहामुळे दगड लाल होतो. जगात कुठेही होईल. डोंगराचा आणि घागऱ्याचा काय संबंध?"

"नसंल बी," सर म्हणाले. "बघितल्याशिवाय कसं सांगावं?"

पुढच्या हिवाळ्यात याडीला चुलीतला जाळ दिसेना. नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस ते सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी सर मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, सुट्टी लागली की जाऊन येतो. तिची नजर हाय तवर तिला डोंगर दाखवायचा."

तेव्हा आमची मीटर गेजची गाडी होती. हिंगोलीला बसलं की गाडी न बदलता अजमेरपर्यंत जाता यायचं. सर रंगीत रोल घेऊन निघाले. एकच. मी म्हटलं, इतक्या लांब जाताय तर दोन तरी न्या.

"छत्तीसात आलं न्हाई ते बहात्तरात काय येतंय?"

तीन आठवड्यांनी परतले ते ओठ फुटलेले, नाकाची साल निघालेली. पण डोळे असे, की मी त्या माणसाला तसं आनंदात आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. अजमेरहून पुढे, बाडमेरच्या पलीकडे, ते आठ दिवस वाळूत फिरले होते. तिथे वाळूच्याच दगडाचे डोंगर आहेत. वाऱ्याने कोरून कुठे खांब केलेत, कुठे कमानी, कुठे दुभत्या गाईच्या कासेसारखे लोंबते गोळे, आणि सगळ्यांवर आडव्या रंगीत पट्ट्या.

"क्रम बराबर हाय?" मी विचारलं. चेष्टेने विचारलं, हे आता कबूल करते.

"बाकीच्या डोंगरांत न्हाई. एकात हाय. खाली लाल, मंग पिवळा, मंग पांढरा, मंग कथ्थी." मग थांबून म्हणाले, "एकाच डोंगरात, हे बी लक्षात ठिवा. मी वाढवून सांगून राहिलो न्हाई."

त्या डोंगरासमोर ते पहिला दिवस नुसते बसले. सकाळी फक्त पिवळा दिसतो. दुपारी सगळाच पांढरा, जणू रंग नव्हताच कधी. दिवस कलला, की खालचा लाल पेटतो आणि अर्ध्या तासात विझतो. त्या अर्ध्या तासासाठी ते तीन दिवस थांबले आणि छत्तीस फोटो काढले. शेजारी एक म्हातारा उंटवाला येऊन बसायचा. शेवटचा फोटो झाला तेव्हा त्याने विचारलं, कुठून आलास? सर म्हणाले, इथूनच गेलो होतो. म्हातारा हसला, सरही हसले, आणि हसता-हसता त्यांनी रोल उलटा गुंडाळला. हात वर्षानुवर्षांच्या सवयीने थांबला. जीभ बाहेर राहिली. मुक्कामी गेल्यावर आत ओढू, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. हे सगळं त्यांना नंतर, अगदी बारकाव्यासकट आठवलं.

परतल्यावर चौथ्याच दिवशी कनेरगाव नाक्याजवळच्या एका तांड्यावर त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. याडीला ताप होता, म्हणून ती गेली नाही. सरांनी हिंगोलीतून नवा रोल आणला आणि त्याच कवड्यांच्या पिशवीत टाकला. पिशवीत आता दोन रोल होते. दोघांच्या जिभा बाहेर, चिठ्ठी कुणावरच नाही.

धुवायला रोल नांदेडला एसटीबरोबर जात. आठवड्याने पाकीट आलं ते शाळेतच, सुट्टीतली काही कामं होती म्हणून आम्ही आलो होतो. वर एक चिठ्ठी होती. एक रोल पूर्ण कोरा आहे, काहीही उमटलेलं नाही. ज्यावर सरांनी "डोंगर" लिहून पाठवलं होतं, तोच तो रोल.

सर खुर्चीवर बसले. मग त्यांनी लग्नाचं पाकीट उघडलं, आणि डोंगर त्यात होता. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत होता; डोंगराचा भरलेला रोलच लग्नात पुन्हा घातला गेला होता. त्याच्या कमानींतून वऱ्हाड चाललं होतं. त्याच्या खांबांवर हळद लागली होती. लाल पट्ट्यांत लाल ओढण्या मिसळून गेल्या होत्या आणि कुठली कड दगडाची, कुठली कापडाची ते ओळखू येत नव्हतं. सर एकेक फोटो बघून टेबलावर पालथा घालत होते. मला वाटलं ओरडतील, डोकं आपटतील. ते फक्त म्हणाले, "माझी जीभ ठेवायची सवय, बाई." आणि चष्मा पुसत बसले.

नवरीचा बाप त्या तांड्याचा नाईक, म्हणजे प्रमुख. तो चिडला, आणि त्याचं बरोबर होतं. "पोरगी जालन्याला दिली आमी, भुयारात न्हाई दिली," असं तो म्हणाला. सरांनी हात जोडले आणि सगळं पुन्हा काढून द्यायचं कबूल केलं. मुलगी पहिल्यांदा माहेरी आली त्या रविवारी अख्खं वऱ्हाड पुन्हा नटून उभं राहिलं. मीही गेले होते. हसत-खिदळत फोटो झाले. शेवटी पाठवणीचा. बंजाऱ्यांत नवरी आई-मावश्यांच्या गळ्यात पडून सूर लावून रडते, त्याला ढावलो म्हणतात. नवरीला काही रडू येईना, ती हसू दाबत होती. मग एका म्हातारीने नुसता सूर लावला, आणि त्या सुराने काय केलं कोण जाणे, नवरी खरंच फुटली. आई फुटली. दहा मिनिटांत अख्खा तांडा रडत होता. सरांनी कॅमेरा खाली ठेवला. तो फोटो त्यांनी काढलाच नाही.

"रडणं खरं व्हतं, पण दिवस त्याचा नव्हता," एवढंच ते लुनावर म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते मला घेऊन आपल्या तांड्यावर गेले. याडीला सांगायचं होतं, की फोटो बिघडले. पुढच्या सुट्टीत पुन्हा जाईन, हेही सांगायचं होतं. मी सोबत असले तर ती कमी रागवेल असा त्यांचा हिशोब असावा. फोटो पुराव्याला म्हणून आणले होते. याडी दारातल्या उजेडाला बसली होती. तिने फोटो हातात घेतला आणि नाकाला लावावा इतका जवळ धरला. कितीतरी वेळ तिचे डोळे त्याच्यावरून फिरत राहिले.

"थावरा," ती म्हणाली, "माणसं हायेत की रे तिथं!"

सरांनी तोंड उघडलं.

"आपली माणसं हायेत. ओढण्या बघ. आरसे बघ." ती बोटाने दाखवत होती. "मला वाटलं सगळी निघून आली असतील. न्हाई. ऱ्हायलीत. डोंगरातच ऱ्हायलीत." मग तिने फोटो माझ्याकडे केला. "बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या. तुमाला दिसून राहिलीत ना माणसं?"

मी सरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. हेडमास्तरांचे केस काळे न करणारा माणूस. मी म्हटलं, "हो, दिसतात."

खोटं नव्हतं ते. माणसं दिसतच होती. पण मी काय केलं ते मला कळत होतं, आणि सरांनाही. याडीने विचारलं, ही कोण, तो कोण. मग सरांनी एकेकाला नाव द्यायला सुरुवात केली.

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले नाहीत. मला वाटलं, काही अडचण असेल. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही नाही. मी विचारलं, अजून तर तिला थोडं दिसतंय, मग जात का नाही? आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते ऐकून मला माझ्या त्या एका "हो"ची लाज वाटली.

"कसा जाऊ, बाई? ती माणसं मागंल. रिकामा डोंगर कसा आणून दाखवू तिला?"

दरवर्षी याडी विचारायची, जातोस ना, त्यांना सांग मी हाय म्हणून. दरवर्षी सर काहीतरी कारण सांगायचे. कॅमेरा दुरुस्तीला आहे, जनगणनेचं काम आहे, तिकडे वादळ आहे. एका खोट्यापायी इतकी खोटी त्या माणसाला बोलावी लागली. आणि डोंगर, जो त्यांना पुन्हा पाहायचा होता, तो त्यांनी तिच्यासाठी सोडून दिला. ओढ्याच्या दरडीवर मात्र ते पोरांना नेत राहिले. मी एकदा त्यांना तिथे एकटं उभं असलेलं पाहिलं, हाताची सावली धरून. मला बघून म्हणाले, "लाल थर औंदा खचला."

याडीची नजर पूर्ण गेली तरी फोटो तिच्या उशाला असायचे. आल्यागेल्याला ती ते दाखवायची, पुष्कळदा उलटे धरून.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात मी भेटायला गेले, तर सर तिचे फोटो काढत होते. तिने स्वतः शिवलेला फेटिया आणि आरशांची कांचोळी, म्हणजे चोळी, घातली होती. आणि मागे, दोन बाजांना बांधून, काळं घोंगडं ताणलं होतं. कधी पडदा न लावणारा माणूस! मी म्हटलं, "सर, हे काय नवीन?"

"असू द्या," ते म्हणाले.

"डोळे उघडे ठिऊ का?" याडीने विचारलं.

"ठिव. डोंगराकडं बघ."

"कुठल्या बाजूला हाय?"

सरांनी तिची हनुवटी हलकेच धरून उत्तरेकडे वळवली. छत्तीस फोटो झाले. सगळे तिचेच. त्यांनी रोल गुंडाळला, चिठ्ठी लिहून चिकटवली आणि पिशवीत टाकला. तो रोल ते नांदेडला पाठवणार असं मी धरून चालले. महिन्या-दोन महिन्यांनी याडी गेली. दिवसांना मी गेले तेव्हा भिंतीवर तिचा फोटो नव्हता. विचारलं, तर सुनेने सांगितलं, रोल धुतलाच नाही, ते हात लावू देत नाहीत.

माझी बदली झाली. मे महिन्यात सामान घेऊन पूर्णेच्या गाडीसाठी हिंगोलीच्या स्टेशनावर बसले होते. दुपारची वेळ, फलाटावर चिटपाखरू नाही. पलीकडच्या बाकावर सर दिसले. खांद्याला कवड्यांची पिशवी, पायाशी एक वळकटी. अजमेरची गाडी यायची होती.

"जाताय?" मी विचारलं.

"व्हय. आता कोणी मागणारं न्हाई."

मी शेजारी बसले. त्यांनी कॅमेरा काढला, मागचं झाकण उघडलं आणि पिशवीतून एक रोल काढून आत बसवू लागले. रोलची जीभ बाहेर होती. नळकांड्यावर चिठ्ठी होती, आणि तिच्यावर सरांच्या ठळक ड्रॉइंगच्या अक्षरात लिहिलं होतं, "याडी. ३६ झाले."

"सर, थांबा!" मी त्यांचा हात धरला. "चुकताय. हा भरलेला आहे. याडीचा आहे हा."

"माहीत हाय, बाई." त्यांनी माझा हात सावकाश बाजूला केला. "ह्या बारीला चुकत न्हाई."

मग मला ते काळं घोंगडं आठवलं. काळ्यापुढे फिल्म कोरीच राहते; त्या कोऱ्या जागेत आता डोंगर उमटणार होता, आणि त्यात याडी. ते फिल्मची जीभ खाचेत अडकवत होते.

"तिला सांगितलं व्हतं, माणसं हायेत म्हणून," ते म्हणाले. "एक तरी असू द्या."

त्यांनी झाकण बंद केलं. खटका मारून फिल्म एक घर पुढे सरकवली, नंतर आणखी एक. गाडी आली. दारात उभं राहून त्यांनी हात वर केला, तो निरोपाचा आहे असं वाटून मीही केला. पण उन्हं समोरून येत होती, आणि सर फक्त डोळ्यांवर सावली धरत होते.